औसा रोडवरची कॉफी आणि अण्णांना न वाचता आलेलं मेनूकार्ड : तुमचे अनुभव सांगा

रेणाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

आपल्याकडे लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर मिळून ज्यांची सात-आठ दुकानं झालीत, त्या कॉफीवाल्यांबद्दल लिहितेय. नाव लिहीत नाही. कुणाचा धंदा बुडावा असं मला वाटत नाही, तिथल्या दोन-चार गोष्टी सुधाराव्यात एवढंच वाटतं.

गेल्या गुरुवारी अण्णा, म्हणजे माझे वडील, डोळा दाखवायला लातूरला आलते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला, शेवटची तपासणी होती. दीड वाजता मोकळे झालो, गावाकडची गाडी चारला. उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं. डोळ्याला ऊन आणि धूळ लागू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून त्यांना औसा रोडवरच्या दुकानात घेऊन गेले. बँकेच्या परीक्षेचा माझा सगळा अभ्यास तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर झालाय. मला ते दुकान घरासारखं.

काचेच्या दारापाशी अण्णांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "अण्णा, घाला, इथं काढायच्या नसतात." त्यांनी घातल्या, पण आत फरशीवर पाऊल जपून टाकत होते. काउंटरवरच्या मुलानं त्यांच्याकडं न बघता मला विचारलं, "क्या लेंगे मॅम?" अण्णांनी तोवर मेनूकार्ड हातात घेतलं होतं. जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा पुसला. मला वाटलं डोळ्यामुळं दिसत नसेल. मग हळूच म्हणाले, "ह्ये समदं इंग्रजीत हाय का माय?"

माझे अण्णा सातवी शिकलेत. रोजचा पेपर पहिल्या पानापासून बाजारभावापर्यंत वाचतात, सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहितात. वाचता न येणारा माणूस नाही तो. पण त्या दोन मिनिटांत तिथं त्यांना अडाणी केलं गेलं, आणि तिथं घेऊन जाणारी मी होते.

त्यांनी विचारलं, "च्या हाय का?" उत्तर आलं, "चाय नहीं है अंकल." मी दोन कॅपुचिनो सांगितल्या. कप आला, वर फेसावर पान काढलेलं. अण्णा कौतुकानं बघत राहिले. "ह्ये पान मोडायचं का तसंच प्यायाचं?" असं त्यांनी त्या मुलाला खरोखर विचारलं. तो उत्तर न देता गेला. एक घोट घेऊन म्हणाले, "गार झालीया गं, तापवून आणाय सांग." मी सांगितलं, तर "ऐसी ही आती है." पाणी मागितलं तर बाटली समोर ठेवली.

बिल असं : दोन कॉफी ३००, पाणी २०, सर्व्हिस चार्ज १० टक्के म्हणजे ३२, वर ५ टक्के जीएसटी. पूर्ण आकडा ३७०. अण्णांनी कागद वाचला, कारण आकडे त्यांना येतात. डेअरीला ते लिटरला ३० रुपयांनी दूध घालतात. म्हणाले, "बारा लिटर दूध झालं की." रागानं नाही, नुसता हिशोब सांगावा तसं.

गाडीत बसवून दिल्यावर खिडकीतून म्हणाले, "जागा थंड हुती, डोळ्याला बरं वाटलं." माझं मन राखायला म्हणाले ते मला कळलं. तेव्हापासून मला चैन नाही. तुमचे अनुभव लिहा, बरेही आणि वाईटही.


गोलाईकर | सोमवार, रात्री १०:१५

ताई, वाचून गलबलून आलं. मी गंजगोलाईत चाळीस वर्षं दुकानदारी करतोय. कापड घ्यायला आलेल्या माणसाला आधी पाणी, मग "बसा", मग माल. न घेता गेला तरी पाणी पिऊन जातो. आपल्याकडं साध्या टपरीवरसुद्धा टेबलावर आधी स्टीलचा ग्लास आपटतो, मग पोरगं विचारतं काय देऊ.

हे लातूर आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आम्हाला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा नळाला महिना-महिना पाणी नव्हतं, घागरीसाठी रात्री रांगा लागायच्या. त्या दिवसांतही कुणी दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय राहिलं नाही. अर्धा ग्लास दिला असेल, पण दिला. त्याच गावात आता पाणी मागितलं की बाटली विकत घ्या म्हणतात, हे माझ्या मनाला पटत नाही. कॉफी १५० ला विका, २०० ला विका. पाणी आधी ठेवा.


जिंतूररोड | सोमवार, रात्री १०:३२

परभणीच्या शाखेत माझा अनुभव एकदम वेगळा. तिथं सेलूकडचा एक मुलगा आहे. माझ्या सासूबाईंना त्यानं अख्खं कार्ड मराठीत वाचून दाखवलं आणि "आजी, ही कडू लागंल, तुमाला ती दुधाची देतो" असं सांगून दिली. पाणीही न मागता आलं. म्हणजे दुकान तेच असलं तरी माणसावर अवलंबून आहे. फक्त लाइट गेली की तिथं मशीन बंद, एसी बंद, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं लाइट किती जाते ते सांगायला नको.


सिडको_एनसात | सोमवार, रात्री ११:०५

रेणाकाठ, तुझ्या अण्णांचं वाचून वाईट वाटलं. पण मला या दुकानांची दुसरी बाजू लिहायचीय, कारण ती बाईमाणसाशिवाय कुणी लिहिणार नाही.

आपल्या गावांमध्ये मधल्या काळात 'कॅफे' या शब्दाची काय अवस्था झाली होती आठव. प्लायवूडच्या खोपटासारखे कप्पे, त्यांना पडदे, आत अंधार, तासावर पैसे. मग पोलिसांच्या धाडी, पेपरात बातमी, आणि पालकांच्या तोंडी एकच वाक्य : कॅफेत जायचं नाही. त्यात भरडल्या गेल्या त्या साध्या मुली, ज्यांना कॉलेज सुटल्यावर मैत्रिणींबरोबर अर्धा तास बसायला जागा हवी होती. चहाच्या टपरीवर आम्ही उभ्या राहू शकत नाही. राहिलो तर चार जणांच्या नजरा. बागेत बसलो तर रखवालदार हटकतो. मंदिराच्या ओट्यावर किती बसणार?

संभाजीनगरच्या निराला बाजारात या लोकांनी दुकान काढलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं : रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं अशी पूर्ण काच, भरपूर उजेड, पडदा नाही, कप्पा नाही. माझ्या आईनं बाहेरून दोनदा फेरी मारून बघितलं आणि म्हणाली, "इथं बस, हरकत नाही." हे वाक्य आमच्या घरात केवढं मोठं होतं ते सांगता येत नाही. आणि दुसरी गोष्ट, स्वच्छतागृह. आतून कडी लागते, पाणी असतं, दिवा असतो. जालना रोडवर दिवसभर मार्केटिंगची नोकरी केली मी. दुपारी पाणी प्यायचं नाही, कारण जायचं कुठं, असं मी दोन वर्षं काढलंय. त्यानं मूत्रमार्गाचा त्रास झाला, औषधं झाली. तेव्हा मी १५० रुपयांची कॉफी कॉफीसाठी नाही घ्यायची. त्या कडीसाठी घ्यायचे.

म्हणून मला ही दुकानं बंद पडायला नकोत. पण मला ज्या दारातून मोकळेपणानं आत जाता येतं, त्याच दारात तुझ्या अण्णांना चपला काढाव्याशा वाटल्या, हे मला झोपू देणार नाही.


अंबाजोगाईची_आई | मंगळवार, सकाळी ७:२०

माझा मुलगा लातूरला नीटची तयारी करतो. खोलीत तिघं, एक टेबल, एक पंखा. अभ्यासिकेत जागा मिळाली नाही तेव्हा तो त्यांच्या दुसऱ्या शाखेत, शिवाजी चौकाकडच्या, जाऊन बसायचा. एक कोल्ड कॉफी घेऊन तीन तास. मध्येच तिथं पाटी लागली : ९० मिनिटांपेक्षा जास्त बसायचं असेल तर पुन्हा ऑर्डर द्या. त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी दुकानदाराचा राग आला. मग विचार केला, सहा टेबलांवर सहा पोरं सकाळी बसली आणि दुपारी उठली तर त्यानं भाडं कुठून भरायचं? लातूरला कोचिंगच्या भागात गाळ्यांची भाडी काय झालीत ते सगळ्यांना माहीत आहे.

पण एक सांगते. त्या पाटीच्या पहिल्या दिवशी मुलाला उठवलं ते सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. सतरा वर्षांचं पोर, घरापासून लांब. त्यानंतर तो गेला नाही. शेजारी येऊन हळू बोलले असते तर तोही पैसे देऊन बसला असता, मीच दिले असते.


काउंटरमागचा | मंगळवार, दुपारी १:५०

मी या कंपनीच्या संभाजीनगरच्या एका शाखेत चौदा महिने काम केलंय, आता सोडलंय. वरचं सगळं वाचलं. काही गोष्टी आतून सांगाव्यात असं वाटलं.

हिंदीचं आधी. मी पैठण तालुक्यातला, माझी बोली तुमच्यासारखीच. पण शिकवायला जो माणूस आलता त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं की ग्राहकाशी हिंदी नाहीतर इंग्रजीत बोलायचं, मराठीनं दुकानाचा दर्जा कमी वाटतो. आम्ही नऊ पोरं, नऊच्या नऊ मराठी. आपसात मराठी बोलायचो आणि काउंटरवर उभं राहिलं की हिंदी. माझी स्वतःची मावशी आली तेव्हा मी तिला "क्या लेंगे" म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. ती बघतच राहिली. त्या मुलानं अण्णांकडं बघितलं नाही ते चुकलंच, मी त्याची बाजू घेत नाही. पण त्याला असंच शिकवलंय, हे ध्यानात घ्या.

आता कोमट कॉफीचं. ही तक्रार आमच्याकडं दिवसातून दहादा यायची. आपला चहा उकळून थेट कपात येतो, तोंड भाजेल असा. कॅपुचिनोचं दूध वाफेनं तापवतात आणि ६० ते ६५ अंशांवर थांबवतात. तेवढ्यावर दूध गोडसर लागतं आणि फेस मऊ, बारीक राहतो. ७० च्या वर गेलं की दुधाला उकळल्याचा वास येतो, फेस फुगून विस्कटतो, मग ते पान काढता येत नाही. म्हणजे ती गार झालेली नसते, तेवढीच गरम करायची असते. पण हे ग्राहकाला कुणी सांगायचं? "जास्त गरम हवी" असं आधी सांगितलं तर कुठल्याही शाखेत करून देतात, पान मात्र नीट येत नाही. अण्णांना हा प्रश्न आधी विचारला असता तर दोन सेकंदांचं काम होतं.

आणि पान मोडायचं का, हे विचारणारे ते पहिले नाहीत. मोडायचंच असतं. मी ते शिकायला तीन आठवडे घेतले, रोज दुकान बंद झाल्यावर. पाण्यात साबणाचा थेंब टाकून फेस करायचा सराव करायचो, कारण दूध वाया घालवायला परवानगी नव्हती. कुणी माझ्या पानाकडं अण्णांसारखं कौतुकानं बघितलं असतं तर मला दिवसभर पुरलं असतं.

मशीनचं पाणी हाही मोठा विषय आहे. आपलं बोअरचं पाणी जड. मशीनच्या बॉयलरमध्ये पांढरा थर धरतो, मग वाफ कमी पडते आणि दूध खरंच नीट तापत नाही. कॉफीसाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १५० च्या आसपास चांगला मानतात. आमच्या बोअरला कितीतरी जास्त यायचा. आरओ लावला की उलट इतका खाली जातो की कॉफी फिकी लागते. दोन्ही पाणी मिसळून जमवावं लागतं. हे ज्या शाखेत मन लावून करतात तिथली कॉफी चांगली. करत नाहीत तिथं तीच पूड, तेच दूध, आणि चव आळणी.

सर्व्हिस चार्जचं एकच सांगतो : चौदा महिन्यांत आमच्या हातात त्यातला एक रुपया आला नाही.


कोर्टरोड | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

ग्राहक तक्रारींचं काम करतो, म्हणून तेवढंच लिहितो.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ४ जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत : द्यायचा की नाही ते ग्राहकाच्या मर्जीवर, दुसऱ्या नावाखालीही तो वसूल करायचा नाही, आणि तो खाण्याच्या बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं प्राधिकरणाच्या बाजूनं निकाल दिला. ५ टक्के जीएसटी मात्र रास्त आहे, तो द्यावाच लागतो. ताईंच्या बिलात ३२० वर १६ रुपये कर, म्हणजे ३३६ व्हायला हवे होते. ३३ रुपये ६० पैसे जास्त गेले.

काय करायचं? काउंटरवर शांतपणे सांगा, सर्व्हिस चार्ज काढा. बहुतेक वेळा लगेच काढतात, कारण त्यांनाही नियम माहीत असतो. नाहीच काढला तर बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही. ३३ रुपयांसाठी कोण जाणार असं वाटतं, पण हेल्पलाइनच्या एका फोननं पुढच्या शंभर जणांचं बिल सुधारतं, हे मी बघितलंय.

बिल करताना मोबाइल नंबर मागतात, तोही देणं सक्तीचं नाही. नंबर दिला नाही म्हणून माल किंवा सेवा नाकारू नका, असं ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलंय.

बाटलीबंद पाण्याच्या किमतीवर मात्र भांडू नका. हॉटेलात बसवून दिलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. साधं पाणी मागा. गोलाईकरांचा मुद्दा कायद्याच्या आधीचा आहे आणि मला तोच जास्त पटतो.


उदगीरचा | मंगळवार, रात्री ९:१०

आमच्याकडं कर्नाटकाची हद्द जवळ, भालकी-बिदरला येणंजाणं, सोयरिकी तिकडच्या. त्यामुळं घरात लहानपणापासून पितळी फिल्टर. वरच्या डब्यात पूड, त्यावर उकळतं पाणी, रात्रभर थेंब थेंब खाली. सकाळी ते डिकाशन आणि उकळतं दूध. गरम म्हणजे गरम, ओठाला लागल्यावर कळलं पाहिजे.

बाकी मराठवाड्यात कॉफीची परंपरा नाही असं काहीजण म्हणतात, ते मला मान्य नाही. निजामाच्या राज्यात होतो, हैदराबादचं वळण, म्हणून चहा जास्त हे खरं. पण उपासाला, जागरणाला, पाहुणा रात्री उशिरा आला तर, दुधातली जायफळ किसून घातलेली कॉफी आपल्या घरांत होतीच. आणि लग्नातली ती शिट्टी मारणारी स्टीलची मशीन, वर चॉकलेटची पावडर भुरभुरलेली एस्प्रेसो? खरी एस्प्रेसो वेगळीच असते हे मला चाळिशीत कळलं, पण त्या लग्नातल्या कपाची चव अजून जिभेवर आहे.

या दुकानदारांना माझा एकच प्रश्न आहे. भारतातली ७० टक्क्यांच्या आसपास कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या असं सांगतात, सतराव्या शतकातली गोष्ट. एवढं आपल्या शेजारी असताना कार्डावर सगळी इटालियन नावं आणि फिल्टर कॉफी एकही नाही, असं का? ती ठेवली तर अण्णांसारख्या माणसाला ओळखीची वाटेल, गरम मिळेल आणि ६० रुपयांत परवडेल. फक्त चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, किती ते पाकिटावर असतं तसं लिहा. कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते. मला थोडी चालते, दाटपणा येतो. पण निम्मी चिकोरी घालून कॉफीचे पैसे घेऊ नयेत.

दराबद्दल मात्र त्यांना पूर्ण दोष देणार नाही. ब्राझील आणि व्हिएतनामच्या दुष्काळानं बियांचे भाव चढले, फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका जातीची कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती. माझी घरची पूडसुद्धा दोन वर्षांत पार महागली.


विष्णुपुरी | बुधवार, सकाळी ८:४५

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी नांदेडच्या शाखेत नेहमी जातो. ते कॉफीचं दुकान आहे, चहा नाही म्हणाले तर त्यात अपमान कसला? मिठाईच्या दुकानात आपण भजी मागत नाही. त्यांचं गिऱ्हाईक विशी-तिशीतलं, त्याला इंग्रजी कार्ड चालतं. प्रत्येक दुकान प्रत्येकासाठी असलंच पाहिजे असं नाही. वडिलांना आपण ओळखीच्या ठिकाणी न्यावं.


रेणाकाठ | बुधवार, सकाळी ९:३०

राग नाही मानला, पण पटलं नाही. चहा नाही याचं मला काही नाही, अण्णांनाही नव्हतं. "चहा नाही, पण ही कॉफी घेऊन बघा" एवढं त्यांच्याकडं बघून म्हटलं असतं तर गोष्ट संपली होती.

आणि विशी-तिशीतल्या गिऱ्हाइकाचं म्हणाल तर मी तेच गिऱ्हाईक आहे. त्या टेबलावर मी दिलेले पैसे कुठून आले? तीन वर्षं अण्णा दर महिन्याला दुधाच्या बिलातून पाठवायचे. दुकानातल्या निम्म्या पोरांचं असंच आहे. सोयाबीन, ऊस नाहीतर दूध, यातूनच आलेलं. ज्यांच्या पैशावर ती टेबलं भरतात, त्यांना तिथं कार्ड वाचता येऊ नये हे मला मान्य नाही. ओळखीच्या ठिकाणी न्या म्हणता, पण माझ्या आयुष्यातलं ते ओळखीचं ठिकाण होतं, म्हणून तर नेलं होतं.


विष्णुपुरी | बुधवार, सकाळी १०:०२

हे मी या बाजूनं पाहिलं नव्हतं. माझेही वडील शेतीच करतात. शब्द मागे घेतो.


भूमकडचा_दूधवाला | बुधवार, दुपारी ३:१५

अण्णांच्या बारा लिटरवरून लिहावंसं वाटलं. आमच्या भूम भागात घराघरात दूध, खव्याच्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात. एका कॅपुचिनोला दीडशे मिलिलिटरच्या आसपास दूध लागतं. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात त्यातले साडेचार रुपये. बाकी जागा, मशीन, पगार, लाइट, पूड, हे सगळं मान्य. पण या दुकानांत दूध बहुतेक लांबच्या पाकिटाचं येतं. शेजारच्या गोठ्यातलं गाईचं ताजं दूध, वेळेवर गार करून घातलेलं, फेसाला उत्तम धरतं. फेस धरतो तो दुधातल्या प्रथिनांमुळं. म्हशीच्या दुधाला दाटपणा चांगला येतो पण पान काढायला जड जातं, असं मला एका कॉफीवाल्यानंच सांगितलं. इथलंच दूध घेतलं आणि कार्डावर गावाचं नाव लिहिलं तर त्या कपाचा मान वाढेल.


रेणाकाठ | गुरुवार, रात्री ८:५०

आज बँक सुटल्यावर दुकानात गेले. बिलाचा कागद, आणि अण्णांचा प्रसंग एका पानावर लिहून नेला होता. मॅनेजर निलंग्याकडचे निघाले. बसून पूर्ण वाचलं. त्या दुपारी काउंटरवरचा मुलगा कोण होता ते त्यांना कळलं, पण मी स्पष्ट सांगितलं की त्याला काढायचं किंवा पगार कापायचा असेल तर मी हा कागद परत घेते. त्यांनी तसं होणार नाही असा शब्द दिला. सर्व्हिस चार्जचे पैसे परत दिले, आणि माझ्यासमोर बिलाच्या मशीनमधून तो आकडा काढला. बाकी शाखांचं आपल्या हातात नाही म्हणाले, मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, मराठी कार्ड करून आणा, त्या शाखेत महिनाभर ठेवून बघू.

म्हणजे काम आपल्यावर आलं. मी एक कच्चा खर्डा करतेय, बघा :

एस्प्रेसो : नुसत्या कॉफीचा अर्क. दोन-तीन घोट, कडू. दूध नाही, साखर वेगळी मिळेल.
अमेरिकानो : तोच अर्क, गरम पाण्यात. मोठा कप, कडू.
कॅपुचिनो : अर्क, दूध आणि वर जाड फेस. बेताची गरम येते. कडक गरम हवी असेल तर आधी सांगा.
लाते : दूध जास्त, फेस थोडा, कडूपणा कमी.


काउंटरमागचा | गुरुवार, रात्री ९:१५

वाचताना अंगावर काटा आला. कोल्ड कॉफीला "साखर आधीच घातलेली असते" हे नक्की लिहा, मधुमेहाचे लोक न विचारता पितात. आणि लातेच्या पुढं "लहान मुलांना नको" असं घाला, दुधाची म्हणून आयाबाया पोरांना पाजतात.


उदगीरचा | गुरुवार, रात्री ९:३०

'अर्क' शब्द बदला. अर्क म्हटलं की ओव्याचा अर्क, औषध वाटतं. 'डिकाशन'ही नको, ते फिल्टरचं. ही मशीननं दाबून २५-३० सेकंदांत काढतात, वेगळी गोष्ट आहे.


सिडको_एनसात | गुरुवार, रात्री ९:३८

'काढा'?


गोलाईकर | गुरुवार, रात्री ९:४४

काढा म्हटलं की सर्दी आठवते. नको.


रेणाकाठ | गुरुवार, रात्री १०:२०

अण्णांना फोन लावून चारही ओळी वाचून दाखवल्या. अर्कावर म्हणाले, "सरळ 'दाट कडू कॉफी' लिव की, समजतंय." तेच लिहिते. मग जरा थांबून विचारलं, "आन् पाणी कुटं लिवलंय?"

म्हणून सगळ्यात वर, नावांच्याही आधी ही ओळ घातलीय : पिण्याचं पाणी टेबलावर मिळेल, त्याचे पैसे नाहीत. मॅनेजरना आत्ताच मेसेज करून विचारलं. हो म्हणाले.


अंबाजोगाईची_आई | गुरुवार, रात्री १०:३१

अक्षर मोठं ठेवा. पेपरातल्या मथळ्याएवढं तरी.


गोलाईकर | गुरुवार, रात्री १०:४०

माझ्या शेजारी छपाईवाला आहे. मजकूर पक्का झाला की उद्या सकाळी दुकानावर पाठवा, लॅमिनेशन करून संध्याकाळपर्यंत देतो. पैशाचं काढू नका. किती प्रती?


रेणाकाठ | गुरुवार, रात्री १०:४३

टेबलं सहा, काउंटरला एक. सात.